मोटार मागे लावून होडी रस्त्याने न्यायची तर

पुण्याच्या एका होडीवाल्यांनी विचारलंय. त्यांच्याकडे १४ फुटी फायबरची होडी आहे, मागे ९.९ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटार, आणि खाली दोन चाकांचा ट्रेलर. आतापर्यंत घरापासून तासाभराच्या पाण्यावर न्यायचे, आता ताम्हिणी उतरून थेट दापोलीजवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत यायचं म्हणतात. मोटार होडीलाच लावलेली ठेवू की काढून गाडीत घेऊ? ठेवली तर खाली सोडून की वर उचलून? ते आजवर खाली सोडूनच नेत आलेत. पण हल्ली प्रत्येक गतिरोधकावर मागून 'टण्ण' असा आवाज येतो आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसायला लागलीय.

मी दापोलीकडे गेली २२ वर्षं आउटबोर्ड उघडतो आणि जोडतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा दुकानात मोटारी ओळीनं उभ्या असतात. समुद्रानं मोडलेली मोटार आणि रस्त्यानं मोडलेली मोटार लांबूनच वेगळी ओळखू येते. समुद्र खालून खातो: पंखा, शाफ्ट, पाणी ओढणारा इम्पेलर. रस्ता कमरेत मारतो. फळीला धरणारा ब्रॅकेट, त्यातली आडवी पिन, वर उचलायचा चाप, क्लॅम्पचे दोन स्क्रू, सगळं तिथेच. पाण्यात मोटार जोर लावते तेव्हा तो एका दिशेनं आणि सलग असतो, होडी पुढे ढकलणारा. रस्त्यावर ४० किलोचं धूड दर खड्ड्याला वर उडतं आणि खाली आपटतं. ब्रॅकेट घडवताना पहिल्या कामाचा विचार जास्त झालेला असतो, दुसऱ्याचा कमी.

आधी चापाबद्दल. मोटार वर उचलली की 'कट्' करून एक लहानसा चाप बसतो आणि ती वर राहते. बहुतेकांना वाटतं, झालं, अडकली, आता कुठेही न्या. तो चाप उथळ पाण्यात उभ्या असलेल्या होडीसाठी आहे, पंखा वाळूला लागू नये म्हणून. मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत स्पष्ट इशारा असतो की रस्त्यानं नेताना या आधारावर मोटार ठेवू नका, हादऱ्यानं सुटून पडेल. पण पुस्तिका बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघालेली नसते.

माझीही निघाली नव्हती. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाची होडी कोल्हापूरहून आणत होतो, गगनबावड्याच्या घाटानं. मोटार चापावर वर. घाट उतरून सपाटीला लागलो आणि पहिल्याच गावातल्या गतिरोधकावर चाप निसटला. मोटार खाली आपटली ती पिनेवर, आणि पंख्याखालचं ते पात्यासारखं टोक डांबराला घासत गेलं. थांबून पाहिलं तर टोक दोन बोटं कमी, आणि ब्रॅकेटचा एक कान पिनेच्या भोकापासून वरपर्यंत तडकलेला. ॲल्युमिनियमचं ओतीव काम, वाकत नाही, सरळ तुटतं. नवीन ब्रॅकेटचे पैसे मी दिले. तेव्हापासून चापावर मोटार घेऊन दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडेही जात नाही.

आता काढायची की ठेवायची. माझा हिशेब वजनावर आहे. अडीच हॉर्सपॉवरची मोटार साधारण १५ ते १७ किलोची, ५-६ हॉर्सपॉवरची २५ ते २७ किलोची. या काढा. एक माणूस उतरवतो, दोन मिनिटांचं काम आहे, पुढचे सगळे प्रश्न मिटतात. तुमची ९.९ फोर-स्ट्रोक ४० किलोच्या आसपास असेल. जुन्या टू-स्ट्रोक याच ताकदीच्या ३६-३७ किलोत यायच्या, आमचे मच्छीमार त्या खांद्यावर टाकून ओहोटीच्या चिखलातून चालत न्यायचे. ४० किलो एकट्यानं ट्रेलरवरच्या होडीच्या मागून उतरवणं म्हणजे कंबरेशी वैर. सोबत दुसरा माणूस दोन्ही वेळेला नक्की असेल, म्हणजे घरीही आणि खाडीवरही, तर काढा. नसेल तर लावलेलीच ठेवा आणि नीट बांधा. नीट बांधलेल्या मोटारीला प्रवासात काही होत नाही. घाईत एकट्यानं उतरवताना हातातून निसटलेल्या मात्र मी पुष्कळ पाहिल्यात.

काढणार असाल तर फोर-स्ट्रोकच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती कोणत्याही कुशीवर निजवायची नाही. कंपनी एक बाजू ठरवून देते. काही मोटारींना त्या बाजूला रबराचे तीन-चार ठिपके असतात, काहींवर चित्राचा स्टिकर असतो, आणि मॉडेलगणिक बाजू बदलते, म्हणून मी इथे डावी-उजवी सांगत नाही. स्वतःच्या मोटारीवर बघा. चुकीच्या कुशीवर ठेवली तर खालच्या भागातलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. मग खाडीवर दोरी ओढायला जाता आणि ती ओढली जात नाही. जोर लावून ओढू नका, आत ऑइल अडलेलं असेल तर काहीतरी वाकेल. स्पार्क प्लग काढा, दोरी सावकाश चार-सहा वेळा ओढा, ऑइल बाहेर येईल, प्लग पुसून लावा. सुरुवातीला भरपूर पांढरा-निळा धूर येईल, तो जाईल. ऑइलची पातळी मात्र पुन्हा मोजा.

फोर-स्ट्रोक असो की टू-स्ट्रोक, पाण्यातून काढल्यावर आधी दोन-चार मिनिटं उभी धरून पाणी निथळू द्या. आणि आडवी केल्यावर डोकं, म्हणजे वरचा इंजिनाचा भाग, कधीही पंख्यापेक्षा खाली जाता कामा नये. आत राहिलेलं खारं पाणी एक्झॉस्टच्या वाटेनं उलटं सिलिंडरकडे चालत जातं. गाडीच्या डिकीत मागून चढवताना नेमकं हेच होतं, कारण डोकं जड म्हणून माणसं तेच आधी आत ढकलतात आणि सीटमागच्या खोलगट जागेत टेकवतात. डोक्याखाली जुनी गादी, उशी, काहीही घाला, पण ते वर ठेवा. कार्बुरेटरमधलं पेट्रोल आधी संपवून घ्या: नळी काढायची आणि मोटार बंद पडेपर्यंत चालू द्यायची, अर्थात इंजिन थंड ठेवणारं पाणी मिळत असताना. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे तसंही करायला हवं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बुरेटरमध्ये पडून राहिलं की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकात, मेणचट घाण धरते.

आता लावलेली ठेवायची तर. माझी पसंती खाली, म्हणजे पाण्यात चालते त्याच उभ्या स्थितीत. पण त्यासाठी खाली जागा हवी. ट्रेलर गाडीला जोडा, सामान भरा, गाडीत माणसं बसवा आणि मग पंख्याखालच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावा. रिकाम्या ट्रेलरवर मोजलेलं माप कामाचं नाही. २५ सेंटिमीटर मिळाले तर मी खाली सोडून नेतो. त्याहून कमी असेल तर नाही, कारण ट्रेलरचं चाक गतिरोधक उतरतं तेव्हा मागचा लटकता भाग अजून खाली झुकतो. घाटातल्या वळणावर रस्त्याची कड सोडली तरी तेच. जेटीच्या उतारावर तर हमखास घासतं.

तुमचा 'टण्ण' आवाज इथलाच आहे. मोटार खाली असते तेव्हा ती आडव्या पिनेला नुसती टेकलेली असते, अडकलेली नसते. मुद्दामच तसं आहे, पाण्यात खडकाला लागली तर वर उडावी म्हणून. रस्त्यावर ट्रेलर खड्ड्यात गेला की होडी खाली जाते, मोटार क्षणभर वरच राहते आणि मग येऊन पिनेवर बसते. टण्ण. ती पिन काढून उजेडात धरा. मधोमध रंग उडून चकचकीत पट्टा पडला असेल. ज्या भोकातून ती जाते ते बोटानं चाचपा. गोल लागलं तर ठीक, अंड्यासारखं लांबट लागलं तर झीज सुरू झालीय. पिनेच्या टोकाची स्प्रिंगची क्लिप आहे का तेही बघा, ती हादऱ्यानं गळालेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. काही जण मोटार रिव्हर्समध्ये टाकून ठेवतात, कारण रिव्हर्समध्ये एक आकडा तिला खाली धरतो. तो आकडा होडी मागे घेताना मोटार उचलू नये एवढ्यासाठी आहे. गिअर फॉरवर्डलाच ठेवा, म्हणजे पंखा वाऱ्यानं भिरभिरत नाही. मोटारीला खाली धरायचं काम पट्ट्याचं.

पट्टा म्हणजे रॅचेटचा, दातेरी चाकानं आवळायचा, इंचभर रुंद. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पाटी असते तिच्या वरून, मोटारीच्या पायाभोवती एक वेढा घ्या आणि दोन्ही टोकं फळीच्या दोन बाजूंच्या कड्यांना आणा. ओढ होडीच्या दिशेला आणि खाली अशी हवी. कडी फळीवर उंच असतील तर ओढ वरची होते, मग खाली, तळाजवळ दोन कडी बसवून घ्या. पट्टा ट्रेलरच्या लोखंडाला बांधू नका. होडी टायरवर आणि रबरावर थोडी हलणारच, ट्रेलर वेगळा हलणार, आणि मोटार या दोघांच्या भांडणात ओढली जाणार. रॅचेट करकचून आवळायचं नाही. पट्ट्यावर बोट मारलं तर ताणलेल्या सुतळीसारखं वाजावं, एवढं पुरे. जिथे पट्टा उघड्यावर ताणलेला असतो तिथे त्याला अर्धा पीळ द्या. सपाट पट्टा वाऱ्यात भुणभुणतो आणि त्या थरथरीनं रॅचेटच्या दाताशी झिजतो, पीळ दिला की गप्प बसतो.

जागा कमी पडली आणि मोटार वर उचलूनच न्यायची असेल तर ठोकळा. बाहेरच्या देशांत ट्रेलरपासून मोटारीच्या पायापर्यंत जाणारा लोखंडी टेकू विकत मिळतो, पुढे व्ही आकाराचं रबर असतं. मोठ्या मोटारींना तो चांगला. पण तो ट्रेलरवर टेकतो, त्यामुळे होडीची मागची बाजू ट्रेलरला घट्ट बांधलेली नसेल तर होडी दर वेळी खाली बसते आणि टेकू मोटारीला वर ठोसतो. ९.९ ला मला लाकडाचा ठोकळा पटतो, कारण भार होडीचा होडीतच राहतो.

कसा करायचा ते सांगतो. मोटार पूर्ण वर घ्या, चाप बसू द्या, आणि दुसऱ्या माणसाला पायाला हात लावून उभं करा. मोटारीचा फिरणारा भाग आणि फळीला धरलेला ब्रॅकेट यांच्यात खालच्या अंगाला एक फट उघडलेली दिसेल. त्या फटीचं माप घ्या. सुतारानं टाकलेला सागाचा किंवा बाभळीचा तुकडा घ्या, मऊ पॅकिंगचं लाकूड नको, ते चेपतं. त्याला दोन्ही अंगांनी खाच पाडा म्हणजे तो ब्रॅकेटच्या कडेवर बसेल, घसरणार नाही. दोन्ही तोंडांना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिळ्यांनी मारा. मधून भोक पाडून दोरी ओवा आणि ती ब्रॅकेटला बांधा. ठोकळा फटीत घाला, चाप सोडा आणि मोटार हळूच ठोकळ्यावर उतरवा. आता चापावर काहीच भार नाही. बोटानं हलवला तर सैल हलला पाहिजे, हीच परीक्षा. मग वर सांगितला तसाच पट्टा घालून मोटार ठोकळ्यावर दाबून धरा. नुसता ठोकळा पुरत नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्याला मोटार वर उडते, ठोकळा निसटतो आणि मग वरची गगनबावड्याची गोष्ट.

हँडल सरळ रेषेत ठेवून सुकाणूच्या घर्षणाचा स्क्रू आवळा. तो गंजून गेला असेल तर हँडल सुती दोरीनं दोन्ही बाजूंना बांधा. नाहीतर मोटार वळणावळणाला मान हलवत जाते आणि बुशिंग खाते.

क्लॅम्पचे दोन स्क्रू हातानं घट्ट करायचे. त्यावर पाईप घालून जोर लावणारे लोक मला भेटतात. त्यांच्या फळीवर गोल खड्डे पडलेले असतात आणि तरी स्क्रू सैल. हादऱ्यानं ते सैल होतातच, म्हणून ब्रॅकेटच्या खालच्या भोकांतून दोन बोल्ट आरपार हवेत: ८ मिलिमीटरचे, स्टेनलेस, ३१६ ग्रेडचे, आतून मोठे वायसर आणि हादऱ्यानं न सुटणारे नायलॉक नट. भोक पाडल्यावर त्याच्या आत सीलंट भरा आणि बोल्टलाही लावा. हे विसरलात तर पाणी फायबरच्या आतल्या प्लायवुडमध्ये शिरतं आणि फळी बाहेरून नवी, आतून भुसा होते. मोटार काढायची-घालायची असेल तर बोल्ट गैरसोयीचे वाटतात. मग निदान दोन्ही स्क्रूच्या दांड्यांवरून सरकवायची कुलपाची नळी घ्या. ती चोरीसाठी विकली जाते, पण तिचा मोठा फायदा हा की दांड्या फिरतच नाहीत. वर एक जाड साखळी किंवा १० मिलिमीटरचा दोर मोटारीपासून होडीच्या मजबूत कड्याला हवाच. सगळं सुटलं तर मोटार मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ नये.

वरचं झाकण लॅचवर विश्वास ठेवून सोडू नका, त्यावरून एक पट्टा फिरवा. ताडपत्री गुंडाळू नका. वाऱ्यात फडफडून ती रंग पॉलिश पेपरसारखा घासते. पंख्याला लाल कापड बांधा, रात्र असेल तर दिवा. पेट्रोलची टाकी नळी काढून, हवेचा स्क्रू बंद करून होडीत पुढच्या बाजूला बांधा, बंद गाडीत माणसांबरोबर नको. २४ लिटरच्या भरलेल्या टाकीत नुसतं पेट्रोलच १८ किलोच्या आसपास, ती मागे मोटारीजवळ ठेवली तर ट्रेलरचं नाक हलकं होतं आणि मग ६०-७० च्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. होडीसकट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार गाडीच्या हुकावर असावा. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ट्रेलरचं नाक टेकवून मोजता येतं.

एवढं सगळं पुण्यात करून निघालात तरी पिरंगुटला थांबा. चहासाठी नाही, पट्टे तपासायला. पहिल्या २० किलोमीटरमध्ये होडी ट्रेलरवर बसते आणि प्रत्येक पट्टा बोटभर ढिला पडतो. तो आवळला की मग माणगावपर्यंत फारसं काही होत नाही. माणगावला पुन्हा बघा, ताम्हिणीचा उतार झालेला असतो. आणि खाडीवर पोचल्यावर पट्टा आणि ठोकळा काढल्याशिवाय होडी पाण्यात सोडू नका. हसू नका. गेल्या मोसमात एक डॉक्टरसाहेब पाण्यात तरंगत मोटार खाली का येत नाही म्हणून मला फोनवर विचारत होते.

राहिली ती चीर. आधी मोटारीचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होत असेल तर मोटार आजच उतरवा. नसेल तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन फळीभर ठोकत जा, क्लॅम्पच्या खाली विशेष. सुकं प्लायवुड 'ठक ठक' वाजतं, कुजलेलं 'बद बद'. दोन्हींत फळी पास झाली तर दोष बहुधा ट्रेलरचा. खाली वाका आणि बघा, होडीच्या तळाखालच्या लांब लाकडी पट्ट्या फळीच्या बरोबर खालपर्यंत येतात का. आपल्याकडे ट्रेलर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतात, आणि त्याला होडीचं माप दिलेलं असतं, मोटारीचं नाही. पट्ट्या सहा इंच आधीच संपल्या तर ४० किलोची मोटार तेवढ्या लोंबत्या भागावर २०० किलोमीटर नाचते, आणि चीर नेमकी कोपऱ्यातच पडते. पट्ट्या मागे वाढवून घ्या, वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. फळीच्या दोन कड्यांपासून ट्रेलरला दोन पट्टे सरळ खाली ओढा, मागची बाजू उडता कामा नये. मग चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आंजर्ल्याला पोचलात की बघा. चीर रेघेच्या आत असेल तर ती बहुधा वरच्या रंगाच्या थराची आहे, परत जाताना तशीच न्या. रेघ ओलांडून गेली असेल तर परतीला मोटार गाडीत घाला, मी उतरवायला हात लावीन.